दगडू दिसत नाही

चारुदत्त दामले नोकरीला दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये, जीव मात्र एकोणिसाव्या शतकातल्या वेढ्यांत. माहितीपट काढायचाच म्हणून त्याने शारजाबाहेरच्या वाळूत प्लायवूडचा किल्ला उभा केला आणि चर खणायला शारजातल्याच रोल्ला भागातून आठ माणसं, आठ फावडी, सोळा टोपल्या आणल्या. आठांचा म्होरक्या संगमेश्वरचा दगडू. वीस वर्षं केबलचे चर खणलेला. गावी बायकोला, नर्मदेला, तो सांगून बसला होता, की पडद्यावर माझं तोंड दिसणार. नर्मदेने ते वाडीभर केलं. आता तोंड दिसणं भाग होतं.

दगडूने सवयीने दोरी लावून किल्ल्याच्या दिशेने नाकासमोर चर मारला.

"दगडूभाऊ, सरळ चरात तोफेच्या एका गोळ्यात आठही खलास," चारुदत्त म्हणाला. "नागमोडी खणा. आणि किल्ल्यावरून कोणाचं डोकं दिसता कामा नये."

"साहेब, वाकडा खणला तर इन्स्पेक्टर बुजवायला लावतो."

"आज इन्स्पेक्टर मीच. यल्ला, चला."

वाळूने भरलेली टोपली पुढे ढकलायची, तिच्या आड वाकून खणायचं, वाळू किल्ल्याच्या बाजूला फेकायची. कॅमेरा किल्ल्यावर. दगडूचं काम इतकं चोख, की दोन तासांत त्याची टोपीसुद्धा दिसेना. चर उथळ ठेवायचं त्याने दोनदा ठरवून पाहिलं, हात ऐकेनात. शेजारच्या चरातला शौकत आळशी, त्याचा चर गुडघाभर. साहजिकच शौकत दिसला, त्याला गोळी लागली, आणि तो मरताना कॅमेऱ्याने त्याचा चेहरा अगदी जवळून घेतला.

चहाला दगडू म्हणाला, "साहेब, मलापण मारा."

"मारू की. जेवणानंतर."

पण नर्मदेला विचारणं आलं. त्याने फोन लावला.

"तुम्ही मेलेले दिसणार?" ती म्हणाली. "मग वाडीतल्या बायका माझ्या कपाळाकडे बघत बसतील. काही नको. गप खणा."

दगडू गप खणत राहिला.

दोन महिन्यांनी नर्मदेने फोन पेटीला टेकवून माहितीपट लावला. वाडी जमली. दगडूचं नखसुद्धा दिसलं नाही. चरातून तेवढी वाळू उडत होती, एकसारखी, एकाच जागी पडणारी.

"कुठायत गो तुझे?" शेजारच्या अनुपमाने विचारलं.

नर्मदेने पडद्यावर बोट ठेवलं. "ही वाळू ह्यांची. आमची विहीर खणताना बघितलंय मी. एक फावडं इकडचं तिकडे नाही."

"आणि हा मेलेला?"

"शौकत म्हणून कोण आहे. दिसायला बरा आहे, पण काम अर्धं टाकून मेला."