रंभाताईंचा डावा बूट

मी बोलतोय, रंभाताईंचा डावा बूट. उजवाही इथेच पडलाय, पण तो जन्माचा अबोल. त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे.

आग्र्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास होता, तो जायच्या आत मी कल्याणच्या दुकानात येऊन पडलो. तिथून मला मोहन्याला आपल्या घरी नेलं ते रंभाताईंनी. वय एकोणपन्नास, शाळेत शिपाई. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. मी मनात म्हटलं, पंधरा दिवसांत आपण माळ्यावर.

पण बाई चिवट निघाल्या. पहाटे बंद कारखान्याच्या भिंतीकडेने आधी चालायच्या, मग धावायला लागल्या. मागे कुत्री लागायची म्हणून वेग वाढला, हे त्या कोणाला सांगत नाहीत.

वर्षभराने त्यांची मुलगी प्रीती हिने परस्पर आईचं नाव एका शर्यतीत नोंदवलं. भंडारदऱ्याला धरणाकाठी एकवीस किलोमीटर! साडेतीन तासांत पोचायचं, नाहीतर मागून येणारी गाडी उचलून नेते. रंभाताईंनी एकच हट्ट धरला, शर्यतीला नवे बूट हवेत. आणले, आणि पेटीत जपून ठेवले.

"आई, दोन दिवस घालून फिर तरी," प्रीती म्हणाली.

"नवीन असं आधीच वापरतात का गं? सणाची साडी आपण आदल्या दिवशी नेसतो का?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. धूळ मी खाल्ली आणि मिरवायला हे पांढरे पाहुणे!

निघाल्या मात्र मलाच घालून. पेटी मांडीवर. लग्न नाहीतर मयत, याशिवाय बाईंनी कधी एसटीत पाय ठेवला नव्हता. कसारा घाटात त्या खिडकीला चिकटल्या. "प्रीती, आपण कोणाकडे जात नाही आहोत गं," त्या म्हणाल्या आणि एकदम हसल्या. आपल्या मनाने निघालेलं माणूस किती सुंदर दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

सकाळी पाहुणे पायात, आम्ही प्रीतीच्या पिशवीत. नवव्या किलोमीटरच्या वळणावर चहाच्या टपरीशी ती आम्हाला घेऊन उभी होती. रंभाताई आल्या त्या लंगडत. दोन्ही टाचा सोललेल्या, मोजे लाल. उचलून नेणारी गाडी मागच्या वळणावर दिसत होती.

"मावशी, बसा गाडीत. पुढे चढ आहे," एक स्वयंसेवक मुलगी म्हणाली.

रंभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसू का गं प्रीती?"

 प्रीतीने खाली बसून आईच्या टाचांना पट्ट्या लावल्या आणि पिशवी उपडी केली. धूळभरला मी समोर. रंभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आण. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि पाय आत घातला.

पुढचे बारा किलोमीटर मी काय सांगू! चढाला त्या चालल्या, उताराला धावल्या, दुखलं तेव्हा मोठ्याने ओरडल्या, आणि तरी पाण्यावर सूर्य चमकला तेव्हा "बघ की रे" म्हणाल्या. माझ्याशीच बोलल्या, दुसरं कोणी नव्हतंच. गाडीचं इंजिन शेवटपर्यंत पाठीशी घुरघुरत होतं. तीन तास सव्वीस मिनिटांनी बाई रेषा ओलांडून मटकन खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. अशा पायांत मी होतो, हा माझा मान.

आता माझा तळ फाटलाय. बाई मला टाकत नाहीत, दारामागे ठेवलंय. रंभाताई, टाका मला खुशाल, मी समाधानी आहे. एवढंच करा, त्या पेटीतल्या पाहुण्यांना उद्या बाजारात न्या. मेथी आणा, चिखलात पाय घाला, कुत्री मागे लागू देत. पुढच्या शर्यतीला मी पिशवीत नसेन.