आगटीची जागा

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे थोरले बंधू छगनभाऊ कार्तिकात वारले, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घरची आगटी कोठे खणावी हा प्रश्न उत्पन्न झाला. आगटी म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन व त्याच्या कडेने दगड लावून केलेले विस्तवाचे स्थान. दरसाल ती घरापुढील अंगणात असे. पारोळ्याच्या बाजाराहून परतणारे लोक, शेजारी, भाऊबंद, जो येईल तो तेथे हात शेकावयास बसे. घरातील बायका दाराशी बसून बोलण्यात भाग घेत, आणि त्या सर्वांत आमच्या वहिनी सुगंधाबाई यांचा आवाज अधिक असे. गावातील प्रत्येक मनुष्याची नक्कल त्यांना साधत असे. कोणता व्याही जेवताना कसा खाकरतो, कोणती सासू पाणी मागताना कशी कण्हते, हे त्या हुबेहूब करून दाखवीत, आणि छगनभाऊ हसण्याच्या भरात विस्तवात काटकी सारावयाची विसरत.

त्या साली वहिनी मागच्या खोलीत बसून होत्या. आमच्या भाऊबंदांत अशी चाल होती की, नवरा वारलेल्या बाईने वर्षश्राद्ध होईतो घराबाहेर पडू नये. पहाटेच्या अंधारात सासूच्या सोबतीने शौचास शेताकडे जाणे होई, त्याला कोणी गणत नसे. पुढील ओसरीवर पुरुषांची ये-जा असल्यामुळे तिकडेही येणे नव्हते. मार्गशीर्ष लागला तरी वहिनींच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. जेवणाचे ताट आत जाई आणि त्यातील अर्धी भाकर परत येई. पुढे पुढे ताट जसेच्या तसे परत येऊ लागले.

माझी पत्नी त्या वेळी बाळंतपणासाठी पहुरास माहेरी गेली होती. त्यामुळे घरात माझ्या मातोश्री तानुबाई, वहिनी व मी इतकीच माणसे होती. एके सकाळी मी बैलांना चारा टाकीत असता माय गोठ्यात आली.

"पंडित, हाई बाई अशी वरीसभर टिकनार नही."

"मंग काय करू माय? बोलाडं तरी बोलस नही ती."

"आवंदा आगटी मांगे खन. परसमा. मानसं बठतीन, बोलतीन, ती घरमा बशी आयकी. कानवर कायतरी पडू दे तिना."

मी मराठी चार इयत्ता शिकलो असल्यामुळे घरातील विचार करण्याची कामे माझ्याकडे येत. ह्याही कामाचा मी नीट विचार केला. आमचे परस घराच्या पूर्वेस आहे आणि वहिनींच्या खोलीचे दार त्यातच उघडते. परसाच्या ईशान्य कोपऱ्यात कडब्याची गंजी होती, उत्तरेस गोठा, आणि आग्नेय कोपऱ्यात मातीची बुटकी भिंत. भिंतीपलीकडे नूर महंमद पिंजारी यांचे अंगण. मध्यभागी मोकळी जागा होती, तेथे पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात धूळ असे. गंजीजवळ विस्तव करणे हा मूर्खपणा, म्हणून ती जागा मी प्रथमच वगळली. बाकीच्या जागांविषयी निंबा आबांचे मत घेणे अवश्य होते.

निंबा आबा हे आमच्या वडिलांचे चुलत बंधू व सर्व भाऊबंदांत वडीलधारे. बाईने चाल मोडली असे आबांनी एकदा म्हटले की छगनभाऊंच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीला आमच्या घरी एकही भाऊबंद पाणी घेणार नाही, हे आम्हांला ठाऊक होते. ते आले आणि काठीवर भार देऊन परसात उभे राहिले.

"आगटी मांगे? घरना मांगे चोर बठतस."

"मायनं सांगेल शे, आबा."

"कर मंग. पन आग शे ना, ती आगना कोपरामा पाह्यजे. त्या तठे." त्यांनी आग्नेयेकडे काठी केली.

तो कोपरा वहिनींच्या दारापासून सर्वांत दूर होता. तेथले बोलणे खोलीत ऐकू जाणे अशक्य. मी हे कसे सांगावे याची जुळवाजुळव करीत होतो, इतक्यात भिंतीवरून नूर महंमद यांची पत्नी नूरबी हिचे डोके वर आले. तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते.

"आबा, हमारी बठ्ठी, सारी की सारी रुई इधरच पडी रहती. थंडी की गाद्या इसी में हैं, तुमारी भी. एक चिनगी उडी तो सारा गाव कडबा ओढके सोयेंगा."

"मनी गादी व्हयी गयी का?" आबांनी विचारले.

"आग इधर लाये तो समझो कभीच नहीं हुई."

आबा हसले नाहीत, परंतु त्यांनी काठी खाली घेतली. जाताना मला म्हणाले, "चार बुकं शिकना, अन् आगटी मांगे लई चालना."

आता दोनच जागा उरल्या, एक मोकळ्या मध्यभागी आणि एक दारालगत. मध्यभागी मला पसंत पडली नाही, कारण तेथील विस्तवाची ऊब खोलीत पोहोचणार नव्हती. दारालगत केल्यास उंबरठ्याच्या आत वहिनी व बाहेर विस्तव अशी व्यवस्था होऊन चालही पाळली जाईल आणि बोलणेही कानी पडेल. प्रश्न केवळ धुराचा होता. त्याचीही मी परीक्षा केली. दुपारी सुपात मूठभर भूस घेतले व धान्य उपणतात तसे दारापुढे सोडले. भूस घराकडे न येता पूर्वेस उडाले. माझे समाधान झाले आणि मी उंबरठ्याच्या पुढ्यातच खड्डा खणला.

संध्याकाळी गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा भारा सोडून मी विस्तव केला. आबा घराच्या कडेच्या बोळातून कुरकुरत आले. आणखी दोघे-तिघे भाऊबंद आले. कपाशीच्या वेचणीच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि मायने मला डोळ्यांनी खूण केली. मी पाहिले तो खोलीच्या कोपऱ्यात नित्य बसणाऱ्या वहिनी सरकत दाराच्या फळीआड आल्या होत्या. त्यांचे गुडघे उजेडात दिसत होते.

मग वारा फिरला. उपणणी दुपारची असते, म्हणून शेतकऱ्याच्या अंगवळणी दुपारचा वारा पडलेला असतो. थंडीच्या दिवसांत सूर्य मावळल्यावर आमच्याकडे वारा पूर्वेकडून येतो, हे मी जन्मापासून अंगावर घेतले होते, परंतु परीक्षा करताना ध्यानात घेतले नव्हते. पऱ्हाट्यांचा सगळा धूर उंबरठा ओलांडून आत गेला. आतून खोकला ऐकू आला, तो वाढत गेला, आणि दार लागले. पाठोपाठ कडीचा आवाज आला.

"देखा," आबा म्हणाले. "आगटी मांगे लई, अन् दार बंद व्हयी गयं."

दुसऱ्या दिवशी वहिनींचे डोळे सुजलेले होते आणि ताटाला हात लागला नव्हता. मी खड्डा बुजवू लागलो.

"मधमा खन," माय म्हणाली.

"मधमा म्हंजे घरबाहेर. तठलं बोलनं तिले काय आयकू यी? अन् ती तठे गयी, तं आबा गावभर करतीन."

मायने शेणाचा काला केलेली बादली उचलली व ती खोली सारवावयास गेली. ही खोली ती दररोज सारवीत असे, कारण वहिनी तिथेच बसत व निजत. आतून सारवीत सारवीत ती उंबरठ्यापर्यंत आली, तेथे टाचांवर बसली आणि बराच वेळ परसाकडे पाहत राहिली. नंतर तिने बादली उंबरठ्याबाहेर ठेवली, स्वतः बाहेर सरकली आणि पुढे सारवू लागली.

तिच्या ध्यानात आले नसावे असे समजून मी म्हणालो, "माय, उंबरठा मांगे राही गया."

"माले दिखस."

"परस का सारवी राहिनी मंग?"

"धुम्मस लई ये, अन् पुढली जमीन ठोकी दे. नुसता उभा काय राहस?"

मी धुम्मसाने जमीन ठोकून देऊ लागलो. धूळ दबली की माय तिच्यावर शेणकाला पसरी आणि बोटांच्या कमानी उठवीत पुढे सरके. वाळलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा हात देई. भिंतीवरून नूरबी म्हणाली, "तानूमाय, पूरा शिवार सारवेंगी क्या?"

"तुनं आंगनबी सारवी देऊ का, नूरबी?"

"दे दो ना! मैं क्या नको बोली?"

एके सकाळी बादलीतील पाणी संपले आणि माय गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. तेव्हा खोलीतून पाण्याचा तांब्या उंबरठ्यापर्यंत सरकत आला. त्यामागचा हात लगेच आत गेला. मायने तांब्या घेतला व काम चालविले.

सारवण परसाच्या मध्यभागी पोहोचले तेव्हा मायने तेथे आगटीपुरती जागा सोडली, सभोवार सारवले, आणि घरातील भिंतीच्या कडेने ओढतात तसा पांढऱ्या मातीचा पट्टा ह्या नव्या जमिनीच्या कडेनेही ओढला. मग मला म्हणाली, "आते खन."

त्या संध्याकाळी मध्यभागी विस्तव झाला. वारा पूर्वेचाच होता, परंतु धूर दारापर्यंत जाण्याआधी वर उठून विरत होता. मायने निखाऱ्यांच्या कडेला भरिताची वांगी ठेवली आणि खोलीकडे तोंड केले.

"सुगंधा, ये. घरमाच शे."

वहिनींनी उंबरठ्याकडे पाहिले, मग त्यापुढील सारवणाकडे. पदर पुढे ओढून त्या आल्या आणि विस्तवाच्या अलीकडे मायला लागून बसल्या. इतक्यात बोळातून आबांचे खाकरणे ऐकू येऊ लागले.

आबा पांढऱ्या पट्ट्यापाशी आले. काळोखातून उजेडात आल्याने त्यांना माणसे नीटशी दिसली नसावीत, परंतु पायाखालचे सारवण दिसले. त्यांनी काठीवर भार दिला, एक जोडा काढला, दुसरा काढला, दोन्ही पट्ट्याबाहेर शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी आत आले. मग त्यांना वहिनी दिसल्या.

"हाई काय?" ते म्हणाले. "तानू, बाई घरबाहेर कशी?"

माय वांगे उलटीत होती. "आबा, जोडा कोठे काढा तुम्ही?"

आबांनी मागे वळून पाहिले. "तठे."

"कसाले काढा?"

"कसाले म्हंजे? सारवेल शे ना. सारवेलवर जोडा घालीसन कोन येस?"

"मंग बठ्ठा परसमा तुम्ही जोडा काढतस का?"

"परसमा कसाले? घरमा..." आबा बोलता बोलता थांबले.

"घरमा," माय म्हणाली. "घरनी बाई घरमा बठेल शे."

आबांची चर्या मला वाचता येईना. ते पुन्हा पट्ट्याकडे जाऊन जोडे घालतील आणि निघून जातील, असे मला वाटले. तसे झाले असते तर वहिनींचे पुन्हा आत जाणे ठरलेलेच होते, आणि ह्या खेपेस ते दार कोणत्या उपायाने उघडावे हे माझ्या विचाराबाहेरचे होते. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. आबा जोड्यांकडे पाहत उभे राहिले. विस्तव त्यांच्या पायांआड गेल्यामुळे आमच्या अंगावर त्यांची सावली पडली होती.

"आबा," पदराआडून आवाज आला. तो इतका बसलेला होता की मला प्रथम ओळखू आला नाही. "बठा ना. तुम्ही उभा राह्यनात, तं बठ्ठी ऊब तुमलेच लागी राहिनी."

आबा खाली बसले. मग त्यांनी काठीच्या टोकाने एक वांगे टोचून पाहिले.

"कच्चं शे," ते म्हणाले.

भरीत झाल्यावर ते आमच्याबरोबर जेवले. वहिनींनी एक भाकर घेतली व नंतर मायने न विचारता ठेवलेली अर्धी खाल्ली. उठताना आबांचा एक जोडा जाग्यावर सापडेना. कोणा कुत्र्याने तो बोळापर्यंत ओढून नेला होता. पेटती पऱ्हाटी हातात घेऊन आबा एका पायावर लंगडत शोधत होते आणि म्हणत होते, "आगटी पुढे व्हती तधळ कोनाना जोडा गया का? सांगा, गया का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण भरीत असता मागच्या खोलीतून आबांचा आवाज कानी आला. जोड्याविषयी काही तक्रार घेऊन ते इतक्या सकाळी आले की काय, म्हणून मी टोपली ठेवून लगबगीने दाराशी गेलो. आबा तेथे नव्हते. वहिनी खोलीच्या मधोमध एका पायावर उभ्या होत्या, हातात केरसुणी उंच धरलेली होती, आणि माय भिंतीला टेकून पदराने डोळे पुसत हसत होती.