नर्सबाईंच्या गाडीचं खालचं कव्हर

इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असतं, ते ठेवावं की काढावं, यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. काढा म्हणणारा मिस्त्री, ठेवा म्हणणारा त्याचा मेहुणा. मी समोर स्पेअर पार्ट विकतो. कव्हर राहिलं तर माझ्या क्लिपा खपतात, म्हणून मनातून मी मेहुण्याकडचा. पण गिऱ्हाईक दोघंही, त्यामुळे तोंडाने कुणाचाच नाही.

"गाडीला लंगोट कशाला?" असं मिस्त्री म्हणतो आणि उतरवलेलं कव्हर परत लावतच नाही. शेडमागे इतकी साचलीत की गल्लीतली कुत्री झोपायला कव्हर निवडून घेतात.

दोघं आधी एकाच शेडमध्ये होते. गेल्या वर्षी सासऱ्यांनी दिलेला, लाल रंग फासलेला दहाचा पाना हरवला. मिस्त्री मेहुण्याकडे बघून चारचौघांत म्हणाला, "घरचाच उंदीर." मेहुण्याने पेटी उचलली आणि शेजारची शेड घेतली. तेव्हापासून वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, भावाला भिंतीवरून डबा देतात आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलतात.

परवा रिटायर झालेल्या नर्सबाई गाडी घेऊन आल्या. त्यांचं कव्हर तेवढं मिस्त्रीच्या हातून वाचलेलं. काढायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद, म्हणून ऑइल तो कव्हरच्या छोट्या झडपेतून बदलायचा.

"वळताना खाली खडखडतंय," बाई म्हणाल्या. "एकदाचं काढाच ते कव्हर."

मिस्त्री टॉर्च घेऊन हसत हसत खाली शिरला. झडप उघडल्याचा आवाज आला. मग ती घाईने बंद केल्याचा. बाहेर आला तेव्हा चेहरा जुन्या ऑइलच्या रंगाचा.

"कव्हर राहू द्या," तो म्हणाला.

मी हातातला क्लिपांचा डबा खाली ठेवला.

"चिखल उडतो, पाणी जातं, बेल्ट खराब होतो. कंपनी काय वेडी आहे का?"

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. "हे तर माझ्या भावाचं बोलणं. तुमच्या तोंडात कधी आलं?"

"आणि खडखड?" बाईंनी विचारलं.

"होते सवय."

चाळीस वर्षं पेशंटांच्या थापा ऐकलेली बाई ती. गाडी काढली आणि सरळ शेजारच्या शेडमध्ये घातली. मी क्लिपा दाखवायच्या निमित्ताने मागोमाग.

मेहुण्याने एकेक स्क्रू सोडला. कव्हर खाली आलं. त्यात, झडपेतून दिसेल पण हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात, वाळक्या चिखलाची खपली, आणि खपलीतून सुटलेला लाल पाना. वर काम करताना मिस्त्रीच्याच हातून पडला असणार.

मला वाटलं, आता हा गल्ली डोक्यावर घेणार. त्याने पाना पुसला, फडक्यात घट्ट गुंडाळून कव्हरमध्ये ठेवला आणि सगळे स्क्रू परत आवळले.

"बाई, आता वाजणार नाही. गाडी दाजींकडेच न्या. म्हणावं, ऑइल बदला, पण कव्हर पुरतं उतरवून. आणि ताई समोर असताना."

बाई इतक्या गोड हसल्या की मला इंजेक्शन आठवलं.

मिस्त्रीने पुष्कळ आढेवेढे घेतले. आज वेळ नाही, ऑइल चांगलंच आहे, कंबर धरलीय. वहिनींनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि पदर खोचून बसल्या. शेवटी कव्हर उतरलं. फडकं बघून मिस्त्रीला कळलं की शेजारी आधीच कळलेलं आहे. वहिनींनी ते सोडलं, वडिलांचा लाल रंग ओळखला आणि पाना नवऱ्याच्या हातात दिला. त्यापेक्षा त्याला बोलणी परवडली असती.

तो शेजारी गेला. दारात उभा राहून म्हणाला, "दहाचा पाना आहे का रे? माझा... सापडला, पण म्हटलं विचारावं."

"मी ठेवतच नाही, दाजी. उंदीर नेतात."

मिस्त्रीने मान खाली घातली. "उंदीर मीच," म्हणाला, आणि हे त्याने गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. मग पाना मेहुण्याच्या पेटीत ठेवला.

"चहा घ्या," मेहुणा म्हणाला.

संध्याकाळी डबा दारातून गेला, भिंतीवरून नाही. आणि मिस्त्री माझ्या काउंटरवर येऊन, इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाला, "कव्हरच्या क्लिपा आहेत का?"

"किती देऊ?"

त्याने शेडमागच्या ढिगाकडे पाहिलं. "आधी कुत्र्यांना विचारतो."