ध्येयाचा रकाना

"सिस्टर, हे तर तुम्ही आधीच लिहून ठेवलंय की!"

सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट दाखवलं. फॉर्म त्यांच्या बाजूने उलटा होता. पण माणसाची चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती, उलटं वाचणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. अर्धांगाच्या झटक्याने तो डावा हात लुळा पडला होता, नजर नाही.

"'रुग्ण पन्नास पावले चालेल.' आणि वर काय छापलंय? 'रुग्णाशी चर्चा करून ठरवलेले ध्येय.' ही चर्चा झाली कधी? मी झोपलो होतो का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळच्या चहाबरोबर मी नऊ फॉर्म भरून टाकले होते, नऊ खाटांना सरसकट पन्नास पावलं. त्यातल्या एकाचे तर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते. सव्वीस वर्षं नोकरी झाली की हात आपोआप लिहितो, आणि चोरी पकडली गेली की राग पकडणाऱ्याचाच येतो.

"सगळ्यांना हेच असतं, आजोबा," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"मग 'चर्चा करून' असं छापता कशाला?"

"बरं, सांगा. काय आहे तुमचं ध्येय?"

त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "संडासला एकट्याने जायचंय. घरी मुलगी आहे, ती करेल सगळं, नाही म्हणणार नाही. पण लहानपणी तिचं मी केलं, ते ठीक. तिने माझं करायचं नाही. तेवढं जमवून द्या. मग तुमची ती पन्नास पावलं गेली खड्ड्यात."

मी फॉर्म टराटरा फाडला. नव्या फॉर्मवर त्यांच्याच शब्दांत लिहिलं: संडासला एकट्याने जाणे.

संध्याकाळी मुलगी कामावरून थेट आली. घरी खाटेपासून संडासापर्यंत अकरा पावलं आहेत आणि मध्ये एक उंबरा आहे, असं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आजोबा आणि मी त्या अकरा पावलांच्या हात धुऊन मागे लागलो. उंबऱ्याच्या जागी मी चादरींची जाड गुंडाळी टाकली. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. उंबऱ्यावर मात्र उजवा आधी. तिसऱ्या दिवशी ते धापा टाकत म्हणाले, "तुमच्यासारखा फोरमन असता तर मी छापखाना सोडून पळालो असतो."

"पळून दाखवा. आत्ता घरी सोडते."

चौथ्या दिवशी इनचार्जबाईंनी मला टेबलाशी बोलावलं. समोर आजोबांची फाइल उघडी होती.

"हे काय लिहिलंय? संडास? उद्या तपासणीला बाहेरची माणसं येणार आहेत. ती फाइल वाचतात."

"त्यांनाही जावं लागत असेल, बाई."

"उद्धटपणा नको. ध्येय मोजता आलं पाहिजे."

"अकरा पावलं आणि एक उंबरा. मोजा ना!"

त्यांनी लाल पेनने माझी ओळ खोडली आणि वर पन्नास पावले लिहिलं. आजोबा सकाळी पॅसेजमध्ये तिसाव्या पावलावर खुर्चीत बसले होते, म्हणून खाली शेरा मारला: ध्येय अपूर्ण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो माणूस गेल्या आठवड्यापर्यंत कुशीवर वळत नव्हता, तो आज चादरींची गुंडाळी ओलांडत होता, आणि फाइलीत नापास! सव्वीस वर्षांत मी किती जणांना असंच नापास केलं असेल, या विचाराने तर मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

तपासणीच्या दिवशी दहा ते अकरा सगळ्यांनी खाटेवर राहायचं, असा हुकूम होता. चादरी ताणल्या, फाइली उशाशी लावल्या. सव्वादहाला आजोबांनी मला खूण केली. "सिस्टर, जायचंय."

"बेडपॅन द्या त्यांना," इनचार्जबाई दारातूनच म्हणाल्या.

आजोबांनी मान खाली घातली. ते मला सहन झालं नाही. मी बेडपॅनऐवजी काठी आणून त्यांच्या उजव्या हातात दिली.

वॉर्डातला संडास अकराहून तीन पावलं लांबच होता. मी मागे हातभर अंतर ठेवून चालत होते. नवव्या पावलाला ते झुकले आणि माझे हात आपसूक पुढे गेले.

"हात मागे घ्या," ते न वळताच म्हणाले.

मी हात मागे घेतले. संडासाच्या उंबऱ्यावर उजवा पाय आधी गेला, मग डावा फरफटत. ते आत गेले आणि दार लोटलं गेलं. रुग्णाने आतून कडी लावायची नाही, असा आमच्याकडे सक्त नियम आहे. एका हाताने कडी दोनदा निसटल्याचं मला ऐकू आलं. तिसऱ्यांदा ती बसली.

तेवढ्यात इनचार्जबाई पाहुण्यांना घेऊन तरातरा आल्या. "सहा नंबर रिकामी कशी? कोण आहे आत? दार वाजवा, पेशंटला आधी खाटेवर घ्या!"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"आत माणूस आहे," मी म्हटलं. "थांबा."