पाठमोऱ्या मुलीचा चेहरा

"तुम्हाला चेहरे काढता येत नाहीत का?"

हा प्रश्न मी विचारला. भर सभागृहात, माइकवर, ग्रंथपाल बाई पहिल्या रांगेत बसलेल्या असताना. टॉवर आणि चष्मिस या माझ्या दोन मैत्रिणींना खात्री होती की मी ऐन वेळी शेपूट घालणार. पैज अशी होती की हरणारीने आठवडाभर तिघींची दप्तरं जिन्यावरून वर न्यायची. मागच्या वर्षीची मी असते तर गपचूप दप्तरंच उचलली असती. पण वार्षिक कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, मला आयत्या वेळी स्टेजवर ढकललं गेलं, आणि तिथे मला शोध लागला की माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो आणि मला ते फार आवडतं! तेव्हापासून माझं नाव भोंगा.

प्रश्न ज्यांना विचारला त्या लहान मुलांची पुस्तकं लिहितात आणि त्यातली चित्रंही स्वतःच काढतात. माझ्याएवढ्या असताना त्या परक्या देशातून इथे आल्या. आम्ही सगळ्या त्यांच्याच पुस्तकांवर वाचायला शिकलो. आणि त्या पुस्तकांत एकूण एक माणूस पाठमोरा! आई ओट्याशी उभी, पाठमोरी. आजोबा बाकावर, पाठमोरे. कुत्रासुद्धा शेपटीकडून दिसणार.

 ग्रंथपाल बाईंनी असे डोळे वटारले की माझं पुस्तकांचं कार्ड गेलंच म्हणून समजा. पण लेखिकाबाई मात्र खो-खो हसल्या.

"कधीपासून वाट बघतेय कुणी हे विचारेल म्हणून! मोठी माणसं नुसतं 'वा, काय शैली' म्हणतात. येतात गं काढता. शनिवारी ये घरी, आईला विचारून. मला सध्या एक चेहरा हवाच आहे."

टॉवर कानाशी कुजबुजली, "भोंग्या, तुझा चेहरा? पुस्तक खपायचं नाही."

आता आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांना दुसऱ्या देशात नोकरी लागली होती. आई-बाबांचं जायचं पक्कं होतं. माझ्यापुढे दोन रस्ते होते: त्यांच्याबरोबर जायचं, नाहीतर आत्याकडे राहून शाळा इथेच पुरी करायची. "तू आता मोठी आहेस, तूच ठरव," असं बाबा म्हणाले खरे, पण तिकिटं काढायची असल्यामुळे मोठेपणाला रविवारपर्यंतचीच मुदत होती. मी घरात आकाशपाताळ एक केलं होतं. टॉवर आणि चष्मिसला शब्द दिला होता की मेले तरी जाणार नाही. चष्मिस तर इतकी रडली की चष्मा धुवावा लागला.

शनिवारी मी लेखिकाबाईंच्या दाराची बेल वाजवली. दार उघडून त्या म्हणाल्या, "बाई-बिई म्हणायचं नाही, मावशी म्हण. आणि चपला आत आण, शेजारचं मांजर पळवतं."

खोली एकच, पण खिडकी भलीमोठी. खिडकीशी उतरतं टेबल, त्यावर लाकडी फळीला चिकटपट्टीने चारी बाजूंनी ताणून बसवलेला जाड कागद. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी अख्खं पुस्तक वाळत घातलेलं. पान पहिलं, पान दुसरं, ओळीने. कुठे पेन्सिलीचे नुसते गोळे, कुठे रंग पूर्ण. टेबलावरच्या दिव्याच्या दांडीला एक छोटा आरसा बांधलेला.

"हा कशाला?"

"चेहरा आधी आपल्या तोंडावर आणायचा, आरशात बघायचा, मग कागदावर. राजा काढायचा तर मी राजासारखी बसते. एकदा बेडूक काढत होते आणि दारात गॅसवाला उभा. तो अजून माझ्याकडे सिलेंडर ठेवतो आणि पळतो."

मी हसून हसून वाकले. मग विचारलं, "पण मावशी, तुम्ही चेहरे काढतच नाही!"

"काढते. सगळ्यांचे काढते, आणि मग माणसं वळवते. चेहरा माहीत नसेल तर पाठसुद्धा खोटी येते."

त्यांनी दोरीवरचं शेवटचं पान दाखवलं. नव्या शाळेच्या वर्गाच्या दारात एक मुलगी. पाठमोरी, अर्थातच. तिच्या वेणीपलीकडे वर्गातली मुलं, तीही फळ्याकडे तोंड करून.

"ही मी. या देशातला माझा पहिला दिवस. नवी संपादक पोरगेलीशी आहे, पण धीट. म्हणते, हिला या वेळी तरी वळवू या. मी आरशात बघते, तर तिथे एक म्हातारी! लहानपणीचा फोटो एकही राहिला नाही. म्हणून तुला बोलावलं. समज, तू नव्या वर्गाच्या दारात उभी आहेस. कर बरं तोंड."

मी काय, तयारच! मान खाली घातली, ओठ थरथरवले, डोळे मोठ्ठे केले. मालिकेतल्या सुनेलाही जमणार नाही असं. मावशींनी चार रेघा मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे डोळ्यांच्या औषधाच्या जाहिरातीला दे."

"अहो, पण ती बिचारी घाबरली असणार ना? सगळं सोडून आलीय!"

"झालं! पहिल्या पुस्तकाच्या वेळी संपादक हेच म्हणाले होते. म्हणाले, मुलीच्या डोळ्यांत पाणी दाखवा. मी म्हटलं, पाणी नव्हतं. ते म्हणाले, असणारच. तेव्हा त्यांच्याशी भांडायला मला शब्द पुरे पडत नव्हते. मग मी तिला पाठमोरीच केली. म्हटलं, आता शोधा पाणी!"

"आणि ती पुस्तकं गाजली."

"गाजली, आणि तीच सवय झाली."

ब्रश कोरडाच होता, तरी त्यांनी तो फडक्याला पुसला.

"मग खरं काय होतं चेहऱ्यावर?" मी विचारलं.

"सांगू? घरात सगळे रडत होते. आई आठवडाभर धड जेवली नव्हती. आणि मी त्या दारात उभी, आतून नुसती उकळत होते. ही मुलं कोण, काय खेळतात, मागच्या कपाटात काय आहे! इतकं हसू येत होतं की गाल आतून चावून धरले होते. अशा वेळी हसणारी मुलगी म्हणजे दगडाच्या काळजाची, नाही का? म्हणून कुणाला कधी सांगितलं नाही. पुढे त्रास झाला गं. पहिलं वर्ष फार एकटीचं गेलं, मधल्या सुट्टीत मी स्वच्छतागृहात जाऊन बसायची. ते मी लपवत नाही. पण त्या दारात, त्या सकाळी, मी खूश होते."

 भोंगा बंद! कारण गेले कित्येक दिवस मी बाथरूममध्ये मोबाईल नेऊन, नळ सोडून, तिथल्या शाळेचे फोटो बघत होते. तिथे खरोखरचं नाट्यगृह आहे, लाल पडद्याचं. बघता बघता हसू यायचं, आणि मग चष्मिसचा धुतलेला चष्मा आठवून स्वतःचाच राग यायचा. म्हणून बाहेर येऊन मी आणखी जोरात ओरडायची, "मी नाही जाणार!"

"हलू नकोस," मावशी एकदम म्हणाल्या. "अशीच राहा."

पेन्सिल सरसर चालली. माझे कान तापले होते, आणि त्यांनी तेसुद्धा पकडलं. कागद माझ्याकडे फिरवला, तर त्यातल्या मुलीचे ओठ घट्ट मिटलेले, गाल आत ओढलेले, आणि डोळे दाराच्या आत केव्हाच पोचलेले.

"ही मी वाटत नाही," मी म्हटलं. खोटं.

"मला तर ही मीच वाटते," मावशी म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग चहा टाकायला उठल्या. जाता जाता दोरीवरचं ते शेवटचं पान त्यांनी चिमट्यातून काढलं आणि सरळ फाडलं.

तिथून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. घरात खोक्यांचा बाजार. बाबा हातात कुकर घेऊन उभे होते. "हा न्यायचा की आत्याला द्यायचा? तिथेही कुकर मिळतच असतील."

"शिट्टी ओळखीची हवी," आई म्हणाली. मग मला बघून, "आल्या का मॅडम? काढलं का थोबाड?"

"आई, बाबा, बसा दोघंही. मला सांगायचंय."

"उद्यापर्यंत वेळ आहे गं," बाबा म्हणाले. "आणि आत्याला मी बोललोय, तुझी खोली..."

"आत्याला 'नाही' म्हणून कळवा. मी येतेय तुमच्याबरोबर."

आई खोक्यावरच बसली. "काल तर मेले तरी जाणार नव्हतीस. आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस हं. रडत रडत आलीस तर मला बघवायचं नाही."

"तुमच्यासाठी नाही. मला यायचंय म्हणून. वाईटही वाटतंय, पण यायचंय. आणि टॉवर-चष्मिसला मीच सांगणार, उद्या, समोर उभी राहून. तुम्ही कुणीही त्यांच्या आयांना फोन करायचा नाही!"