धनंजयच्या नावावरचा बिघाड

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या ऑफिसात शुक्रवारी अर्ध्या दिवसात सगळं उरकायचं असतं. त्यामुळे तिथली माणसं दोषसुद्धा घाईघाईने वाटून मोकळी होतात. त्या सकाळी तो धनंजयच्या वाट्याला आला.

परवान्यांचं शुल्क काढणारा मेनफ्रेम या मोठ्या संगणकावरचा जुना प्रोग्राम या महिन्यात सारखा बंद पडत होता. नव्या गोष्टी दोनच घडल्या होत्या. एका दिवसाचे परवाने सुरू झाले होते आणि धनंजयने हँडलर लिहिला होता. कुठेही चूक झाली की हँडलरने ती पकडायची, निरोप छापायचा आणि काम शिस्तीत थांबवायचं. त्या निरोपात धनंजयने हौसेने हँडलरचंच नाव घातलेलं. चोर पकडून देणाऱ्याने पंचनाम्यात आरोपी म्हणून स्वतःचंच नाव लिहावं, तशातली गत.

"यल्ला, चला लवकर, समिधा," मॅनेजर यहया म्हणाला, "नमाजला निघायच्या आधी याच्या प्रोबेशनचा निकाल पाठवायचाय. हँडलर काढा, यालाही काढू. खलास."

"जरा थांबा. आधी चूक कुठे झाली ते बघते," समिधा म्हणाली. मेनफ्रेमवर तिचे केस पिकले होते. तिला नाही म्हणणं यहयालाही जड जाई.

धनंजय तिच्या खुर्चीमागे घुटमळला. "समिधाताई, शारजाला, अल मजाजमध्ये आत्ताच घर घेतलंय हो. बायको रुपाली नि लेक ओवी नुकत्याच इकडे आल्यात."

"मग माझ्या मानेवर उसासे टाकू नकोस. बस इथे."

तिने डंप उघडला. प्रोग्राम पडला त्या क्षणी मेमरीत जे जे होतं, त्याची ती जशीच्या तशी प्रत. पडदाभर नुसते आकडे नि अक्षरं.

"बघ. इथे कुणी कुणाला बोलावलं, की बोलावलेला आधी बोलावणाऱ्याचा परतीचा पत्ता जपून ठेवतो, मगच स्वतःच्या कामाला लागतो. तुझ्या हँडलरला सिस्टीमने बोलावलं. आणि सिस्टीमने लिहून ठेवलंय, कोणत्या सूचनेवर घात झाला ते."

त्या सूचनेच्या पत्त्यातून तिने प्रोग्रामच्या सुरुवातीचा पत्ता वजा केला आणि उरलेलं अंतर जुन्या लिस्टिंगमध्ये, प्रोग्रामच्या छापील प्रतीत, शोधलं. बोट एका ओळीवर थांबलं. धनंजय शाळेतही गेला नव्हता तेव्हा लिहिलेली ओळ : शुल्क भागिले कामाचे दिवस.

"भाजक शून्य," धनंजय कुजबुजला. "पण शून्य कसा?"

"परवाना कोणत्या वाराचा?"

"शुक्रवारचा. एकाच दिवसाचा."

देशाने शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारवर नेऊन वर्षं लोटली होती. या ओळीला कुणी कळवलंच नव्हतं. आठवड्याच्या परवान्यांत इतर वार निभावून नेत. एकटा शुक्रवार आला, की कामाचे दिवस शून्य.

यहया वाकून बघत राहिला. "म्हणजे अख्ख्या कंपनीत आज सुट्टीवर हा प्रोग्राम एकटाच?" तो खदखदून हसला. मग धनंजयच्या पाठीवर थाप मारली. "निकाल पास लिहितो, हबीबी. पण निरोपात खरी जागा छापायची."

तो गेला. धनंजयने घरी फोन लावला, पलीकडून ओवी म्हणाली, "बाबा, आर यू स्टिल अॅट वर्क?"

समिधाने पडदा बंद केला नाही. डंपमध्ये सगळं कोसळलं होतं, पण एकाचाही परतीचा पत्ता हरवला नव्हता. आपला तो कोणता, या विचारात तिचा हात माऊसवर नुसताच राहिला.