भोंग्यावर घेतलेलं नाव

मी भोंगा बोलतोय. हॅलो हॅलो नाही, माईक टेस्टिंग नाही, आज थेट माझंच बोलणं. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द ओकले, त्यामुळे स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की घसा जरा खरखरतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझं तरुणपण जासईला गोटीराम डेकोरेटरकडे गेलं. हळदीच्या मांडवात मला आंब्याला टांगायचे आणि मी गळा काढून गायचो. गोटीराम मला पुसताना म्हणायचा, "याचा गला लय मोठा हाय, पन डोका नाय." मला राग यायचा, पण उत्तर द्यायची सोय नव्हती. पुढे त्यानं नवे स्पीकर घेतले आणि मला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या एका गावकरी मंडळाला विकून टाकलं.

मंडळ साताऱ्याकडच्या माणसांचं. पुरुष वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. गावच्या भैरवनाथाचा भंडारा इथंही दर चैत्रात घालायचे. मंडळाचं सामान अध्यक्षांच्या घरी, म्हणजे हौसेराव मुकादमांच्या माळ्यावर असायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त माईक हातात आला की त्यांच्या अंगात यायचं.

त्या माळ्यावर माझ्यामागे एक मोठं पितळी पातेलं होतं, मंडळाचं नाव कोरलेलं. भंडाऱ्याची लापशी त्यातच व्हायची. उरलेली लापशी हौसेराव अध्यक्षाचा मान म्हणून पातेल्यासकट घरी न्यायचे. शहाण्णवच्या भंडाऱ्याला त्यांची बायको शेवंताबाई गावी होती. हौसेरावांनी पातेलं स्वतःच कसंबसं घासलं, माळ्यावर सरकवलं, रिकामं कशाला ठेवा म्हणून आत गोधड्या कोंबल्या, वर चादर टाकली आणि साफ विसरून गेले.

सत्त्याण्णवच्या चैत्रात भंडाऱ्याची तयारी सुरू झाली आणि पातेलं काही सापडेना. हौसेरावांना एवढंच आठवलं, की गेल्या वर्षी शेवटी पातेल्यापाशी राजाबाई होती. राजाबाई म्हणजे भैरू हमालाची बायको. भंडाऱ्याची लापशी दरवर्षी तिच्याच हातची. तिच्या दारी जाऊन विचारायला किती वेळ लागला असता? पण नाही. हौसेराव शिडीवर चढले आणि चाचपडत मला ओढून काढलं. माझी कड त्याच पातेल्यावर आपटली, पण गोधड्यांनी आवाज गिळून टाकला.

मला चौकातल्या खांबाला बांधलं, राजाबाईच्या दारासमोरच. हौसेरावांनी घसा साफ केला.

"सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते, की मंडळाचे पितळी पातेले सौ. राजाबाई यांनी नेलेले आहे. देवाचे भांडे घरात ठेवून सुख लागत नसते. मुकाट्याने आणून द्यावे!"

राजाबाई दारात कुरडया वाळत घालत होती. तिचा हात तसाच राहिला. नळावरच्या बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. मला इतका संताप आला म्हणून सांगू! पातेल्याला खेटून वर्ष काढलेला मी, आणि माझ्याच तोंडून हे! पण माईकशिवाय मला तोंड नाही.

शब्द माझ्यातून निघाला की शेवटच्या बिल्डिंगीपर्यंत जातो. तोही गेला. महापेला एका लग्नात पुरणपोळ्या करायला राजाबाईला सांगितलं होतं, ते काम परस्पर दुसरीला गेलं. शेजारणी तिच्या दारावरून मान वळवून जाऊ लागल्या.

"जाऊ दे गं, लोक इसरतील," भैरू म्हणाला.

"भांडं इसरतील. नाव न्हाई इसरायचे."

यंदाही गावी गेलेली शेवंताबाई भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी परत आली. पाहुण्यांसाठी गोधड्या काढायला माळ्यावर चढली आणि गोधड्यांखाली पातेलं! हे मला पुढे पातेल्यानंच सांगितलं. शेवंताबाईनं नवऱ्याला असं फैलावर घेतलं, की मुकादम मटकन खालीच बसले.

संध्याकाळी हौसेराव पेढ्याचा पुडा घेऊन राजाबाईच्या दारात आले. आवाज इतका बारीक, की मला कान टवकारावे लागले.

"वैनी, पातेलं आमच्याच घरात घावलं. झालं गेलं इसरा. उद्या लापशीला या."

"पेढं ऱ्हाऊ द्या. माझं नाव भोंग्यावर घेतलंसा, भोंग्यावरच मागं घ्या. तवर मी चुलीला हात लावायची न्हाई."

"अवो, अध्यक्षाची काय शोभा ऱ्हाईल?"

"माझी ऱ्हायली का?"

पेढे घेऊन हौसेराव परत गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी वसाहत चौकात जमली. दगडांची चूल मांडलेली, वर तेच पातेलं, खाली लाकडं, आणि राजाबाई हाताची घडी घालून उभी. हौसेरावांनी माईक घेतला.

"मंडळाचे पातेले सापडले आहे, हे कळविण्यास आनंद होतो."

राजाबाई हलली नाही. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या आवाजाच्या मशीनवर मंडळाचा विलास बसला होता, त्याला हौसेरावांनी हळूच खूण केली. त्यानं आवाज पार उतरवला, आणि मग हौसेराव काहीतरी पुटपुटले. माझ्या तोंडून माशी गुणगुणावी एवढंच बाहेर पडलं.

"ऐकू न्हाई आलं," राजाबाई म्हणाली. "विलास, त्या दिवशी हुता तेवढा आवाज कर."

विलासनं अध्यक्षांकडे पाहिलं. मग शेवंताबाईकडे पाहिलं. आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मी आधी शिट्टी मारली. मुद्दाम मारली! सगळ्यांनी माना वर केल्या. हौसेरावांना दरदरून घाम फुटला होता. पण आता त्यांच्या बोलण्यात ते 'कळविण्यात येते' उरलं नव्हतं.

"पातेलं माझ्या घरात हुतं. म्याच ठेवलं आन् इसरलो. राजाबाईवैनींचा काय बी दोष न्हाई. मी त्यांचं नाव घेतलं, ते चुकलं. माझा शब्द मी मागं घेतो."

शेवटच्या बिल्डिंगीत खिडक्या उघडल्या. तिथपर्यंत गेला हो शब्द! नळावरच्या त्याच बायका पुढे झाल्या. त्यातल्या एकीनं राजाबाईचा हात धरून तिला चुलीपाशी नेलं. राजाबाईनं पदरानं डोळे पुसले, वाकली आणि चूल पेटवली. "मुकादम, पाणी आना की," ती म्हणाली. हौसेराव कळशी घेऊन खरंच पळाले, आणि त्या दिवशी माईककडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पंगतीची हाक राजाबाईनंच दिली, माझ्यातूनच. इतकं गोड मी जासईलाही कधी बोललो नव्हतो.

आता मंडळाकडे खोक्यांचे स्पीकर आलेत. मंडळाची भांडी राजाबाईच्या माळ्यावर असतात, आणि पातेल्याशेजारी मीही. कडेला गंज धरलाय. रागावून कुणाचं नाव घ्यायचं असेल, तर मला उतरवू नका, आधी त्याच्या दारी जाऊन विचारा. पण घेतलेलं नाव चुकलं असेल आणि मागं घ्यायचं असेल, तर जरूर शिडी लावा. माझा आवाज अजून शेवटच्या बिल्डिंगीपर्यंत जातो.